‘स्पेस इन्व्हेडर्स’ : यंत्राची मर्यादा आणि खेळाची रचना

प्रस्तुत लेखात ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या १९७८ साली जपानमध्ये निर्माण झालेल्या व्हिडिओ गेमच्या जडणघडणीचा विचार केला आहे. विद्यापीठीय वर्तुळात हा विषय काहींना गौण वाटण्याची शक्यता आहे. तथापि, यंत्राच्या मर्यादेतून कलात्मक परिणाम कसा साधला जातो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

अवकाशयुद्धाची कल्पना तेव्हा नवीन नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ तयार केला होता. मात्र टायटो कंपनीतील अभियंते तोमोहिरो निशिकादो यांच्यापुढे आदर्श होता तो वेगळाच. अटारी कंपनीच्या ‘ब्रेकआउट’ (१९७६) या खेळात चेंडूने विटांची भिंत फोडावयाची असे. निशिकादो यांनी निर्जीव विटांच्या जागी चालून येणारे व उलट मारा करणारे शत्रू आणले. मानवाकृतींवर गोळ्या झाडणे अनुचित मानले गेल्याने हे शत्रू परग्रहवासी झाले. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतील मंगळवासीयांच्या ऑक्टोपससदृश रूपाचा त्यांच्यावर प्रभाव आहे.

खेळाचे खरे मर्म त्याच्या गतीत आहे. पडद्यावर ११ आकृतींच्या ५ रांगा, म्हणजे एकूण ५५ शत्रू असतात. इंटेल ८०८० या प्रोसेसरला ते सर्व एकाच वेळी हलविणे शक्य नव्हते. म्हणून पडद्यावरील प्रत्येक चित्रचौकटीत एकच आकृती पुढे सरकविली जाई. सेकंदाला सुमारे ६० चौकटी धरल्यास संपूर्ण सैन्याचे एक पाऊल पडण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. शत्रू जसजसे नष्ट होत, तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि त्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा शत्रू तर प्रत्येक चौकटीत हलत असे. निशिकादो यांनी हा परिणाम आधी योजलेला नव्हता. लक्षात आल्यावर तो त्यांनी तसाच राखला. पार्श्वभूमीला वाजणारे चार उतरते स्वरही याच क्रमाने द्रुत होत जातात. खेळाडूचे यशच त्याचे संकट वाढविते, आणि हा ताण प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाच्या कथावस्तूपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. पुढील काळातील वेगवान यंत्रांवर हा खेळ उतरविताना तीच गतिवृद्धी आज्ञावलीत मुद्दाम लिहावी लागते.

या खेळामुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांची टंचाई निर्माण झाली, असे वारंवार लिहिले जाते. ही आख्यायिकाच म्हटली पाहिजे. यंत्रांत पडलेली नाणी चालक नियमितपणे काढून बँकेत भरत असत; ती चलनातून नाहीशी होण्याचे कारण नव्हते.

१९८० मध्ये अटारीच्या घरगुती यंत्रासाठी हा खेळ अधिकृत परवान्याने उपलब्ध झाला आणि त्या यंत्राच्या विक्रीस मोठी चालना मिळाली. लोकप्रियतेबरोबर चिंताही वाढली. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे खासदार जॉर्ज फॉक्स यांनी मे १९८१ मध्ये अशा खेळांवर स्थानिक संस्थांचे नियंत्रण असावे म्हणून विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. विधेयकाच्या शीर्षकातच ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे नाव होते. सभागृहाने ती मागणी ९४ विरुद्ध ११४ मतांनी फेटाळली.