पादुका पूज्य, कारागीर उपेक्षित

रामाच्या पादुका पुढें ठेवून भरतानें राज्य चालविलें. तुकोबांच्या पादुका पालखींतून पंढरीस नेण्याचा परिपाठ नारायणमहाराजांनीं १६८५ सालीं घातला. व्हॅन गॉग या डच चित्रकारानें १८८६ सालीं पॅरिसमध्यें झिजलेले जोडे रंगविले, त्यांत जगानें कष्टकऱ्याचें जिणें पाहिलें. पादत्राणाचा गौरव असा सर्वत्र झाला. परंतु ज्या हातांनीं कातडें कमावून वहाण शिवली, त्यांस आमच्या समाजानें अस्पृश्य लेखिलें. यास काय म्हणावें?

कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं महाराष्ट्र व कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरीहि जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन पेढीनें मिलान येथें तशाच चपला कोल्हापूरचें नांव न घेतां मांडल्या. देशभर ओरड झाल्यावर पेढीनें मूळ मान्य केलें. तो संताप रास्तच होता; पण कारागिराचें नांवहि न विचारतां त्याच्याशीं दोन पैशांची घासाघीस करणारे आम्ही त्या पेढीहून निराळे कसे?

महागांव कोल्हापुराहून दूर असलें, तरी वहाणा येथेंहि विकल्या जातात. येथील व्यापाऱ्यांनीं मालावर करणाराचें नांव लावावें, ग्राहकांनीं वाजवी दाम द्यावा. पादुकांपुढें वांकणाऱ्या मस्तकास एवढें जड जाऊं नये.