समजून घ्या : हल्ला रात्री ९ वाजता, आदेश दुपारी १२ ला, लेफ्टनंटकडे वेळ किती?

समजा, कंपनी कमांडरने दुपारी १२ वाजता सांगितलं, रात्री ९ वाजता समोरच्या टेकडीवर हल्ला करायचा. साधारण ३० जवानांच्या प्लॅटूनचा तरुण अधिकारी म्हणेल, ९ तास आहेत. प्रत्यक्षात त्याचे तीनच.

अमेरिकेच्या लष्करात हा 'एक-तृतीयांश' नियम शिकवतात. एक हिस्सा अधिकाऱ्याचा, दोन हिस्से सेक्शन कमांडर आणि जवानांचे. त्यांना उजेडात वाट डोळ्यांखालून घालायची असते, दारूगोळा वाटायचा असतो, सराव करायचा असतो. संध्याकाळी ७ ला हातात पडलेली उत्तम योजना त्यांच्या काय कामाची? म्हणून १२ लाच 'तयारीला लागा' ही सूचना आणि ३ पर्यंत पूर्ण आदेश.

वेळ मोजायचा तो हल्ल्याच्या क्षणापासून मागे. इथेच गफलत होते, कारण नकाशावर अंतर दिसतं, चढण अंगावर येत नाही. कारगिल युद्धात जुलै १९९९ मध्ये लेफ्टनंट बलवान सिंग यांची घातक प्लॅटून टायगर हिलच्या अवघड वाटेवर १२ तासांहून अधिक काळ चालत होती.

आदेशात एक मुद्दा कधीच गाळत नाहीत : अधिकारी पडला, तर कमान कोणाकडे.