मोहफुलांचा हंगाम

नाशिककडील शेतकरी द्राक्षाच्या बागेवरून वर्षाचा हिशेब मांडतो. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात तोच हिशेब मोहाच्या झाडावरून मांडला जातो. द्राक्षवेल कोणी तरी लावलेली असते, तिला खतपाणी मिळते. मोह मात्र रानात वा बांधावर आपला आपण वाढलेला असतो. असे असूनही फाल्गुन-चैत्रात, घरातील धान सरत आलेले असते आणि शेतात काम नसते अशा दिवसांत, रोख पैसा हाती येतो तो मोहामुळेच.

झाडाची पाने गळून गेली की फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागतात. फुले रात्री उमलतात आणि त्यांच्या फिकट, रसाळ, गोड कुप्या पहाटेपासून जमिनीवर पडू लागतात. उशीर झाला तर गुरे, हरणे व अस्वले आपला वाटा घेऊन जातात. त्यामुळे बायका-मुले टोपल्या घेऊन अंधारातच घराबाहेर पडतात. कोणत्या झाडाची फुले कोणत्या कुटुंबाने वेचावयाची हे बहुतेक गावांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेले असते आणि त्यावरून सहसा तंटा होत नाही.

तंटा नसला तरी दोन संकटे आहेत. पहिले आगीचे. वाळलेल्या पाचोळ्यात पडलेले फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची रीत जुनी आहे. वेचणाऱ्याच्या दृष्टीने ती सोयीची खरी. परंतु चैत्रातील वाऱ्याने ती आग झाडाच्या घेराबाहेर कधी जाते हे कळतही नाही, आणि मग सागाची व तेंदूची कोवळी रोपे जळून जातात. मोहाची रोपेही त्यांतच जळतात. पाचोळा झाडून बाजूस ओढणे, अथवा झाडाखाली जाळी वा जुनी लुगडी अंथरणे हा यावर साधा उपाय होय. जाळीवर पडलेल्या फुलास माती व राख लागत नाही. असे स्वच्छ फूल लाडू, सरबत वा मुरंबा करण्यास चालते आणि त्यास भावही बरा मिळतो.

दुसरे संकट वाघाचे. ताडोबाच्या आसपासच्या व ब्रह्मपुरीकडील जंगलांत फुले वेचणाऱ्या माणसांवर हल्ले झाले आहेत. खाली वाकून वेचणारा माणूस वाघास चतुष्पाद प्राण्यासारखा भासतो, असे जाणकार सांगतात. यासाठी पुरते उजाडल्यावर, चार-पाच जणांच्या गटाने जावे. एकाने उभे राहून सभोवार लक्ष ठेवावे व अधूनमधून आवाज करावा. दोन टोपल्या फुले गुरांनी खाल्ली तरी ते नुकसान सोसण्यासारखे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत ही गोष्ट आवर्जून सांगावी. हंगाम सुरू झाल्यावर ऐकण्यास कोणास सवड नसते.

ताज्या फुलांत पाण्याचा अंश फार असतो. ढीग करून ठेवल्यास ती एका दिवसात आंबतात. पातळ थर करून, दिवसातून दोनदा हलवून, फूल तांबूस व चिवट होईपर्यंत उन्हात वाळवावे, आणि पावसाळी दमट हवा लागणार नाही अशा बंद भांड्यात भरावे. हंगामात सर्वांचाच माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. ज्या घरी फुले साठविण्याची सोय आहे, ते घर पावसाळ्यापर्यंत थांबू शकते. ज्याला मिठामिरचीसाठी त्याच दिवशी विकावे लागते, तो व्यापाऱ्याच्या मापावर अवलंबून राहतो. मे २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलांची किमान आधारभूत किंमत किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये करण्यात आली. गावाने एकत्र साठवण केल्यास असा दर मागता येतो, सुट्या टोपलीस नाही.

या फुलामागे कायद्याचा ससेमिराही जुनाच आहे. १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहाविषयी स्वतंत्र कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी कायद्याखाली फुलांच्या साठ्यावर व वाहतुकीवर निर्बंध राहिले. फुलापासून दारू निघते हे खरे, आणि ती निघू नये म्हणून गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ मध्ये उठली. त्याच २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. फूल बाळगणे आणि दारू गाळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आता तरी मान्य झाले म्हणावयाचे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायद्यानुसार हक्क मिळालेल्या गावांची ग्रामसभा गौण वनोपजाच्या विक्रीचा निर्णय स्वतः घेऊ शकते, आणि मोह हे त्यांपैकीच एक वनोपज होय.

एक गोष्ट मात्र चिंतेची आहे. बांधावरचे मोह पाहिले तर बहुतेक झाडे म्हातारी दिसतात. तरणे झाड विरळाच. फुले वेचली, मागाहून पडणारी फळेही तेलासाठी वेचली, उरलेसुरले रोप आगीने किंवा शेळ्यांनी संपविले, तर नवे झाड येणार कोठून? मोहाच्या बियांची उगवणशक्ती थोडक्याच आठवड्यांत नष्ट होते. म्हणून फळ पडताच बी काढून लगेच पिशवीत वा वाफ्यात पेरावे; पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. रोप शेताच्या बांधावर लावून पहिली काही वर्षे काट्यांचे कुंपण द्यावे. बियांपासून वाढविलेल्या झाडास फुले येण्यास साधारण दहा वर्षे लागतात. कलमी रोपास ती त्याहून लवकर येतात.