विद्यार्थ्याची बचत: पास आणि आवर्ती ठेव
महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे शुल्क आणि खोलीभाडे आधीच ठरलेले असल्याने काटकसरीला वाव उरतो तो प्रवासात आणि चहा-वडापावच्या फुटकळ खर्चात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा पास, म्हणजे ठरावीक मुदतीत दोन स्थानकांदरम्यान कितीही फेऱ्यांची मुभा देणारे तिकीट, विद्यार्थ्यांना निम्म्या दरात मिळतो. त्यातही त्रैमासिक पासाचे भाडे मासिकाच्या 2.7 पटच असल्याने तो अधिक स्वस्त पडतो, मात्र महाविद्यालयाच्या कार्यालयातून सवलतीचा दाखला आणावा लागतो आणि नेमका तिथेच आळस नडतो. असे वाचलेले पैसे साठवण्यासाठी टपाल खात्याची आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची योजना, 100 रुपयांपासून उघडता येते. परंतु तिची मुदत 5 वर्षांची असून 3 वर्षांच्या आत ती मोडता येत नसल्याने परीक्षा शुल्काचे पैसे साध्या बचत खात्यातच बरे.