एकाच वर्षाचे दोन कॅमेरे

एखादे यंत्र जुने झाले म्हणजे ते निरुपयोगी झाले असे नव्हे. बाजारातील त्याची जागा नव्या यंत्राने घेतलेली असते. परंतु ज्या कामासाठी ते घडवले गेले, ते काम बहुधा तसेच राहिलेले असते. डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत याचा प्रत्यय विशेषत्वाने येतो. २००८ साली जपानमधील दोन नामांकित कंपन्यांनी अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतराने दोन कॅमेरे जाहीर केले. १ जुलै रोजी निकॉनचा डी७०० आणि १७ सप्टेंबर रोजी कॅननचा ईओएस ५डी मार्क २. या दोहोंचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. तरीही वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या बाजारात ते हाती लागतात आणि ज्याच्यापाशी पैसा बेताचा आहे, पण काम मात्र चांगले करावयाचे आहे, अशा छायाचित्रकाराला त्यांचा मोह पडतो.

अशा वेळी 'या दोहोंत चांगला कोणता?' असा प्रश्न विचारला जातो आणि चित्रबिंदूंचा, म्हणजेच पिक्सेलांचा, आकडा पाहून त्याचे उत्तर दिले जाते. कॅननच्या कॅमेऱ्यात सुमारे २ कोटी ११ लाख चित्रबिंदू आहेत, निकॉनच्या कॅमेऱ्यात १ कोटी २१ लाख. एवढ्यावरून निवाडा करणे सोपे असले तरी ते फसवे आहे. चुकीची निवड झाली तर केवळ पैसाच वाया जातो असे नाही. लग्नातील वरमाला, धावपटूची अखेरची उडी, पाण्यावरून उठणारा पक्षी यांपैकी काहीही छायाचित्रकारासाठी दुसऱ्यांदा घडत नाही. म्हणून या दोन यंत्रांतील साम्य कोठे संपते आणि भेद कोठे सुरू होतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

समान पाया

दोन्ही कॅमेरे एका भिंगाच्या, आरसा बसवलेल्या प्रकारातील आहेत. भिंगातून आत येणारा प्रकाश तिरप्या आरशावर पडतो, तेथून वर जातो आणि पंचकोनी लोलकातून वळून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे जे भिंग चित्र टिपणार, त्याच भिंगातून दृश्य पाहता येते. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, त्यामागील शटर उघडते आणि प्रकाश संवेदकावर पडतो. पूर्वी ज्या जागी फिल्म असे, त्या जागी आता हा संवेदक असतो.

दोन्ही कॅमेऱ्यांतील संवेदकाचा आकारही जवळजवळ एकच आहे. तो सुमारे ३६ मिलीमीटर रुंद आणि २४ मिलीमीटर उंच, म्हणजे ३५ मिलीमीटर फिल्मच्या एका चौकटीएवढा असतो. त्या काळातील स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांत संवेदक याहून बराच लहान असे आणि भिंगाने दाखवलेल्या दृश्याच्या कडा त्यात कापल्या जात. या दोन कॅमेऱ्यांत तसे होत नाही. फिल्मच्या काळात जे भिंग जेवढे दृश्य दाखवीत असे, तेवढेच ते येथेही दाखवते.

चित्रबिंदूंचे गणित

एकाच आकाराचे शेत एकाने १२ वाफ्यांत विभागावे आणि दुसऱ्याने २१ वाफ्यांत, तसा हा प्रकार आहे. कॅननच्या चित्रात रुंदीला ५६१६ आणि उंचीला ३७४४ बिंदू असतात. निकॉनच्या चित्रात ४२५६ आणि २८३२. एकूण संख्येत कॅनन पावणेदोन पटींच्या जवळ जातो, परंतु रुंदीत तो सुमारे एक-तृतीयांशानेच पुढे आहे. चित्र मोठे करताना महत्त्व असते ते या लांबी-रुंदीला. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू हे प्रमाण धरले, तर कॅननच्या चित्राची प्रत सुमारे पावणेएकोणीस इंच रुंद निघते आणि निकॉनची सुमारे चौदा इंच. लग्नाच्या अल्बमसाठी अथवा वृत्तपत्रासाठी चौदा इंच पुरेसे होतात. भिंतीवरील मोठे चित्र काही अंतरावरून पाहिले जाते, त्यामुळे तेथेही फरक सहसा जाणवत नाही.

मात्र जेथे सूक्ष्म तपशील हाच कामाचा विषय असतो, तेथे कॅननची सरशी निर्विवाद आहे. हस्तलिखिताच्या पानावरील फिकट अक्षरे, लघुचित्रातील केसासारखी रेघ, वस्त्राची वीण किंवा दूरवर पसरलेल्या डोंगररांगा ही त्याची उदाहरणे होत. अशा कामात कॅमेरा तिपाईवर स्थिर असतो, विषय हालत नाही आणि घाई नसते. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांचे जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले अधिकृत छायाचित्र ५डी मार्क २ नेच काढलेले होते. डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले ते अमेरिकी अध्यक्षांचे पहिले अधिकृत छायाचित्र होय.

अपुऱ्या उजेडात

वाफे थोडे असले की प्रत्येक वाफा मोठा असतो. निकॉनचा एक चित्रबिंदू सुमारे साडेआठ मायक्रॉन रुंद आहे आणि कॅननचा सुमारे साडेसहा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. मोठ्या बिंदूवर अधिक प्रकाश पडतो, त्यामुळे मंद उजेडात त्याचे चित्र कमी रवाळ दिसते. निकॉनचा हाच संवेदक त्याआधी, २००७ साली, वृत्त-छायाचित्रकारांसाठी काढलेल्या डी३ या अधिक महाग कॅमेऱ्यात वापरला गेला होता आणि अंधुक प्रकाशातील कामाबद्दल त्याची ख्याती झाली होती.

परंतु येथेही घाईने निष्कर्ष काढणे बरोबर नाही. अंगणात पाऊस पडत असताना थोडी मोठी भांडी मांडली काय किंवा पुष्कळ लहान भांडी मांडली काय, सारे अंगण व्यापले गेले असेल तर एकूण पाणी जवळजवळ तेवढेच साठणार. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे एकाच आकारात छापली, तर रवाळपणातील अंतर बरेच कमी होते. दोहोंची नेहमीची प्रकाशसंवेदनक्षमता आयएसओ ६४०० पर्यंत जाते आणि गरज पडल्यास ती २५६०० पर्यंत ताणता येते. खरा भेद दिसतो तो गडद सावल्यांत. चित्र काढल्यानंतर संगणकावर सावलीचा भाग उजळ करू लागले, तर कॅननच्या चित्रात पट्ट्यांसारख्या रेषा उमटण्याचा संभव असतो. निकॉनच्या सावल्या त्या मानाने स्वच्छ राहतात.

हलता विषय

दोन कंपन्यांनी आपली शक्ती कोठे खर्च केली, हे हलत्या विषयासमोर सर्वांत स्पष्टपणे दिसते. निकॉनच्या कॅमेऱ्यात फोकस साधण्यासाठी ५१ बिंदू आहेत. विषय चौकटीत सरकत गेला की एकामागून एक बिंदू त्याचा माग घेऊ शकतात. कॅननमध्ये निवडता येणारे बिंदू ९ आहेत आणि साहाय्यक म्हणून ६ अदृश्य बिंदू आहेत. त्यांपैकी मधला बिंदू भरवशाचा आहे; कडेचे बिंदू कमी उजेडात चाचपडतात. निकॉन सेकंदाला ५ चित्रे घेतो. त्याला खालून जादा पकड आणि तिच्यात योग्य ती बॅटरी जोडली, तर हा वेग ८ वर जातो. कॅननचा वेग सेकंदाला ३.९ चित्रे एवढा आहे.

खेळाचे मैदान, नृत्याचा रंगमंच किंवा लग्नमंडप या ठिकाणी हे आकडे कागदावरचे राहत नाहीत. हार घालण्यासाठी उंचावलेले हात आणि त्याच क्षणी मागे झुकलेली मान यांचे नेमके चित्र मिळणे न मिळणे पुष्कळदा फोकसच्या तत्परतेवर अवलंबून असते. डी७०० मध्ये एक लहान फ्लॅश कॅमेऱ्यातच बसवलेला आहे. दूर ठेवलेल्या निकॉनच्या मोठ्या फ्लॅशना तारेवाचून इशारा देण्याचे कामही तो करतो. ५डी मार्क २ मध्ये अंगचा फ्लॅश नाही. याउलट, फांदीवर निश्चल बसलेला दूरचा पक्षी टिपावयाचा असेल, तर चित्राचा मधलाच भाग कापून घ्यावा लागतो. तेथे कॅननचे जादा चित्रबिंदू उपयोगी पडतात. म्हणजे पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठीसुद्धा एकच उत्तर नाही. पक्षी बसलेला की उडणारा, हे आधी ठरवावे लागते.

चलच्चित्राची अनपेक्षित वाट

एका बाबतीत मात्र तुलनेला जागाच नाही. डी७०० चलच्चित्रण करू शकत नाही. ५डी मार्क २ मात्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चलच्चित्र घेतो. मोठ्या संवेदकामुळे चेहरा स्पष्ट आणि पार्श्वभूमी धूसर असे, चित्रपटात शोभणारे दृश्य थोड्या खर्चात मिळू लागले. आरंभी त्याचा वेग सेकंदाला फक्त ३० चौकटींचा होता आणि प्रकाशाचे नियंत्रणही पूर्णपणे चित्रकाराच्या हाती नव्हते. २००९ साली कंपनीने कॅमेऱ्यातील आज्ञावली सुधारून ही उणीव भरून काढली. २०१० साली २४ आणि २५ चौकटींचे वेगही दिले. भारतासारख्या ज्या देशांत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सेकंदाला २५ चौकटींचे आहे, तेथे ही सुधारणा महत्त्वाची ठरली. त्याच वर्षी 'हाउस' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग या कॅमेऱ्याने चित्रित झाला.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. उत्तम प्रतीचे चित्रण सलग सुमारे १२ मिनिटे चालते, कारण एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटपुरता मर्यादित आहे. चित्रण चालू असताना कॅमेरा आपण होऊन हलत्या विषयावर फोकस ठेवीत नाही. ते काम हातानेच करावे लागते. लघुपट करणाऱ्याला हे चालते. तासाभराचे भाषण सलग टिपणाऱ्याला ते चालणार नाही.

भिंगांचा संसार

कॅमेरा विकत घेणे म्हणजे एका भिंगपरंपरेशी संबंध जोडणे होय. निकॉनची भिंगे बसवण्याची पद्धत १९५९ पासून चालत आलेली आहे. डी७०० मध्ये फोकस फिरवणारी मोटर कॅमेऱ्यातच असल्याने, ज्यांच्यात मोटर नाही अशी जुनी स्वयंचलित भिंगेही त्यावर नीट चालतात. हाताने फोकस करावयाची जुनी भिंगेही चालतात. मात्र १९७७ पूर्वीची भिंगे आवश्यक तो बदल करून घेतल्याखेरीज बसवू नयेत. कॅननने १९८७ साली नवी पद्धत स्वीकारली आणि मोटर प्रत्येक भिंगातच ठेवली. त्या वर्षापासूनची त्या पद्धतीची भिंगे ५डी मार्क २ वर बसतात. लहान संवेदकांसाठी कॅननने काढलेली ईएफ-एस भिंगे तेवढी त्यावर बसत नाहीत. निकॉनची तशी भिंगे डी७०० वर बसतात, पण मग चित्र सुमारे ५० लाख बिंदूंचेच उरते.

तेव्हा ज्याच्या घरी एका कंपनीची चांगली भिंगे आधीपासून आहेत, त्याने केवळ थोड्याशा गुणासाठी दुसरीकडे वळण्यात शहाणपण नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सारे पैसे कॅमेऱ्यावर न घालता निम्मे तरी भिंगासाठी राखून ठेवावेत.

जुना कॅमेरा पारखताना

दोन्ही कॅमेऱ्यांची शटरे सुमारे दीड लाख उघडझापींसाठी चाचणी केलेली आहेत. तेव्हा कॅमेरा दिसावयास किती नवा आहे यापेक्षा त्याचे शटर किती वेळा चालले आहे, हे विचारणे अधिक महत्त्वाचे. निकॉनच्या चित्राच्या फाइलीतच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या बाबतीत कॅमेरा संगणकाला जोडून खास साधनाने तो काढावा लागतो. दोन्ही कॅमेऱ्यांत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते. कार्डाच्या खाचेत बारीक पिनांची रांग असते आणि त्यांतील एखादी वाकलेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. म्हणून विजेरीच्या उजेडात ती खाच अवश्य पाहावी. डी७०० ची बॅटरी पुढील मोजक्याच कॅमेऱ्यांत वापरात राहिली. ५डी मार्क २ च्या बॅटरीचे घराणे मात्र कॅननच्या नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत चालू राहिले, त्यामुळे ती मिळवणे तुलनेने सोपे आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते, हेही विसरू नये. भिंग उजेडापुढे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का, ते पाहावे.

निवड

एवढे जाणल्यावर मूळचा प्रश्न बदलतो. कोणता कॅमेरा चांगला, असे न विचारता आठवड्यातील बहुतेक दिवस कोणते काम करावयाचे आहे, असे विचारावे लागते. समारंभ, खेळ, नाटक, वृत्तपत्र अशी क्षणाशी शर्यत लावणारी कामे करणाऱ्याला डी७०० चे कमी चित्रबिंदू आड येणार नाहीत आणि त्याची तत्परता पदोपदी उपयोगी पडेल. ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या प्रती करणारा, स्टुडिओत व्यक्तिचित्रे काढणारा, निसर्गदृश्यांसाठी पहाटे तिपाई उभारून थांबणारा आणि लघुपटाची उमेद बाळगणारा यांच्यासाठी ५डी मार्क २ अधिक योग्य आहे. ज्याला दोन्ही प्रकारची कामे करावी लागतात, त्याने ज्या कामात चूक सुधारण्याची संधी मिळत नाही त्या कामाला झुकते माप द्यावे. पान पुन्हा उलगडून हस्तलिखिताचे चित्र पुन्हा घेता येते. मंडपातील वरमाला पुन्हा घालावयास सांगता येते खरे, पण त्या चित्रातील चेहरे पहिल्या वेळचे नसतात.