कूटसाक्ष : एका शब्दाचा माग

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी बांधाच्या दगडावरून दावा लागला होता. वडिलांनी साक्ष दिली की, दगड सरकवताना मी पाहिला. दगड खरोखरच सरकवलेला होता. पण वडिलांनी ते पाहिले नव्हते, विश्वासातल्या माणसाकडून ऐकले होते. निकाल रास्त लागला. तरीही वडील अखेरपर्यंत म्हणत, ‘मी खोटी आन घेतली.’ गोष्ट खरी, मग आन खोटी कशी? या प्रश्नापायी मी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात कोश चाळू लागलो.

आमची ‘आन’ म्हणजे मराठीतली ‘आण’. ती संस्कृत ‘आज्ञा’वरून, प्राकृत ‘आणा’मार्गे आली. ‘शपथ’ मात्र ‘शप्’ धातूची; ‘शाप’ तिचा सख्खा भाऊ. खोटे बोललो तर माझे वाईट होवो, असा स्वतःलाच घातलेला सशर्त शाप म्हणजे शपथ. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात, त्यामागची धास्ती हीच.

शपथेवर दिलेल्या खोट्या साक्षीला जुना शब्द ‘कूटसाक्ष’. कूटप्रश्न, कूटनीती यांतला ‘कूट’ तो हाच. याज्ञवल्क्यस्मृतीत तराजू, मापे, राजशासन आणि नाणे यांची बनावट करणाऱ्यालाही ‘कूट’ हाच शब्द लावला आहे. म्हणजे कूट हे नुसते असत्य नव्हे. ते खऱ्याचे सोंग. कूटसाक्षीला तिथे दाव्याच्या दुप्पट दंड सांगितला आहे.

आणि ‘साक्षी’ कोण? पाणिनीच्या मते, साक्षात पाहणारा. नुसते खरे बोलणारा नव्हे.

इंग्रजी अमलात १८४०च्या कायद्याने गंगाजल आणि कुराणावरच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा आणली. पुढे १८६०च्या दंडसंहितेच्या कलम १९१ने खोट्या साक्षीची व्याख्या केली. त्यातले एक उदाहरण वाचताना मी थबकलो : अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता हे मला ठाऊक आहे, असे काहीच ठाऊक नसताना सांगणारा खोटी साक्ष देतो, मग तो माणूस तिथे असो वा नसो. १ जुलै २०२४पासून ही व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७मध्ये आहे. न्यायालयीन कामातल्या खोट्या साक्षीला कलम २२९नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वडिलांनी यातले काही वाचले नव्हते. पण चांदी अस्सल असली, तरी घरी पाडलेले नाणे कूटच, हे त्यांना कळले होते.