उपस्थात्याची परीक्षा : विद्यापीठीय प्रशासनसेवांच्या मूल्यमापनाविषयी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले व प्रत्येक पादाचे चार गुण दिले. उपस्थात्याकडून सेवाकर्माचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता यांची अपेक्षा केलेली आहे. व्यवहारात आपण भिषकाची पदवी तपासतो, द्रव्याची ओळख पटवून घेतो, रोग्याची प्रकृती पाहतो; उपस्थात्याची परीक्षा मात्र सहसा कोणी करत नाही. विद्यापीठांच्या मूल्यमापनाचीही नेमकी हीच अवस्था आहे. अध्यापकांचे शोधनिबंध मोजले जातात, प्रयोगशाळांची यादी होते. परंतु परीक्षा विभाग, पात्रता विभाग, प्रमाणपत्रांची खिडकी, ग्रंथालय, वसतिगृह या साहाय्यभूत सेवा कशा चालतात, याची परीक्षा वरवरची राहते.

हा विषय वैद्यांच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता पूर्ण केलेला नवपदवीधर विद्यापीठाची कागदपत्रे हाती येईपर्यंत महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची कायम नोंदणी मिळवू शकत नाही आणि नोंदणीवाचून स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. औषधनिर्मात्यांचाही संबंध थेट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पूर्णवेळ सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते. त्या जागेवर घ्यावयाच्या वैद्याचे प्रमाणपत्र एखाद्या टेबलावर अडले, तर फार्मसीचे कामही त्याच टेबलावर अडते.

१९९८ पर्यंत आपल्या राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये निरनिराळ्या पारंपरिक विद्यापीठांशी संलग्न होती. त्या वर्षी नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व सर्व आरोग्यशाखा एका छत्राखाली आल्या. अभ्यासक्रम एक झाला, परीक्षा एक झाली. हा लाभ मोठा आहे, यात शंका नाही. परंतु एकच विद्यापीठ संपूर्ण राज्याला पुरवायचे म्हटल्यावर अंतराचा प्रश्न अपरिहार्य ठरतो. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या विद्यार्थ्याला नावातील एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी नाशिकला जावे लागले, तर जाण्यायेण्यातच दिवस जातात. अशा रचनेत प्रशासनसेवेचा दर्जा ही गौण बाब राहत नाही.

सध्याची मूल्यमापनपद्धती याकडे कसे पाहते? १९९४ मध्ये स्थापन झालेली, बंगळूरस्थित ‘नॅक’ ही संस्था सात निकषांवर विद्यापीठांची प्रतवारी करत आली. २०१७ मध्ये तिने आपली चौकट बदलली आणि संख्यात्मक माहितीला अधिक भार दिला. त्या चौकटीत प्रशासनाच्या निकषाखाली ई-प्रशासनाची एक बाब आहे. प्रशासन, वित्त व लेखा, प्रवेश व विद्यार्थी साहाय्य आणि परीक्षा यांपैकी किती क्षेत्रांत संगणकीय व्यवस्था आहे, एवढे तेथे मोजले जाते. व्यवस्था आहे म्हणजे काम होते, हे गृहीत धरलेले! औषधालयात खल आहे एवढ्यावरून भस्म सिद्ध झाले असे आपण म्हणत नाही. त्याच वर्षी विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही आले. पण ते अध्यापनाच्या निकषात ठेवलेले असून त्यातील बहुतेक प्रश्न शिक्षक व शिकवणे यांविषयीचे आहेत. खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे जवळजवळ वाचाच नाही.

कालमापनाचा एक निकष मात्र नॅकने विद्यापीठांकडून मागितला : अंतिम परीक्षेपासून निकालापर्यंतच्या दिवसांची सरासरी. दिशा योग्य आहे, साधन अपुरे आहे. समजा, १००० विद्यार्थ्यांपैकी ९८० जणांचे निकाल ३० दिवसांत लागले आणि २० जणांचे राखून ठेवलेले निकाल १८० दिवसांनी लागले. सरासरी येते ३३ दिवस. कागदावर हे विद्यापीठ तत्पर ठरते आणि ज्या वीस जणांचे सहा महिने गेले, ते त्या आकड्यात विरघळून जातात. कक्षातील सर्व रुग्णांच्या ज्वराची सरासरी काढून कोणताही वैद्य चिकित्सा करणार नाही. प्रत्येक सेवेत सर्वांत अधिक काळ थांबलेली व्यक्ती किती थांबली आणि कशामुळे थांबली, हा आकडा सरासरीच्या शेजारी छापला पाहिजे.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात जे घडले ते याच दुर्लक्षित पादाचे वैगुण्य होते. उत्तरपत्रिकांचे संगणकाच्या पडद्यावर मूल्यांकन करण्याची पद्धत घाईने लागू झाली. निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, परदेशी व पदव्युत्तर प्रवेशांवर परिणाम झाला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. प्राध्यापक तेच होते, अभ्यासक्रम तोच होता. कोसळली ती साहाय्यभूत यंत्रणा. पुढे २०२१ मध्ये त्याच विद्यापीठास नॅकची सर्वोच्च श्रेणी मिळाली. ती श्रेणी अयोग्य होती असे माझे म्हणणे नाही. पण निकालाची वाट पाहणाऱ्याच्या अनुभवाशी श्रेणीचा संबंध किती, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पदवीधराला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या तपासणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच सीबीआयने अटक केली. तेव्हा समिती येण्यापूर्वी रंगवलेल्या भिंतींवर विसंबून चालणार नाही.

मग परीक्षा करावी कशी? दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा येथेही उपयोगी पडते. त्यात प्रश्नपरीक्षेचे एक उत्तम साधन ग्रंथालयशास्त्रात सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांनी २००० च्या सुमारास ‘लिबक्वाल’ नावाची सर्वेक्षणपद्धती विकसित केली. ‘आपण समाधानी आहात का?’ असा गुळमुळीत प्रश्न ती विचारत नाही. प्रत्येक सेवेविषयी वाचकाने तीन अंक द्यावयाचे असतात : किमान किती अपेक्षा आहे, उत्तम म्हणून किती हवी आहे आणि प्रत्यक्षात किती मिळते. मिळणारी सेवा किमान अपेक्षेच्याही खाली असेल तेथे उपचार आधी. परीक्षा विभाग, वसतिगृह, शिष्यवृत्तीची खिडकी, कोठेही ही पद्धत लावता येते.

दर्शन-स्पर्शनासाठी औषधनिर्मात्यांच्या परिचयाचा मार्ग आहे. २००० साली अधिसूचित झालेल्या ‘शेड्यूल टी’मुळे प्रत्येक बॅचची नोंद ठेवण्याची शिस्त आपल्या फार्मसींत आली. कच्चे द्रव्य केव्हा आले, कोणी तपासले, कोणत्या दिवशी पाक झाला, सर्व लिहिलेले असते. दोष निघाला तर नेमकी पायरी सापडते. विद्यापीठातील अर्जाची अशीच बॅच-नोंद हवी. यदृच्छेने पन्नास अर्ज निवडावेत आणि प्रत्येक अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता, हे मुद्रांकित तारखांवरून पाहावे. आठवड्याभराचे काम आहे, आणि त्यातून जे कळते ते जाडजूड स्वयंमूल्यमापन अहवालातून कळत नाही.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांची मर्यादा सांगतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अधिनियम स्वतंत्र असला, तरी तुलनेसाठी हा मापदंड वापरण्यास प्रत्यवाय नसावा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवेला मुदत असते, अपील असते आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड असतो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. खिडकीमागील लिपिकाला दोष देणे हे लक्षणालाच व्याधी समजणे होय. रिक्त पदे, कंत्राटी नेमणुका, परीक्षेच्या हंगामात एकाच माणसाकडे तीन विभागांचे काम, हे हेतू तपासल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. म्हणून प्रत्येक विभागातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि वर्षभरात आलेले अर्ज हे तीन आकडे मूल्यमापनात अनिवार्य असावेत. उपस्थात्याकडून दक्षता मागायची, तर त्याला हातही पुरेसे द्यावे लागतात.

आपल्या संघटनेला यात आजच हातभार लावता येईल. ज्या सभासदांचे पुत्र-कन्या, शिष्य वा सहायक वैद्य गेल्या दोन वर्षांत पदवीधर झाले, त्यांच्याकडून तालुका शाखांनी पाच रकान्यांची नोंद मागवावी : सेवेचे नाव, अर्ज केल्याची तारीख, त्रुटी कळवल्याची तारीख, कागद हाती आल्याची तारीख आणि त्यासाठी कराव्या लागलेल्या फेऱ्या. व्यक्तीचे वा महाविद्यालयाचे नाव नको, तक्रारीची भाषा नको, केवळ तारखा. चार-पाच जिल्ह्यांतून अशा शंभर-दोनशे नोंदी जमल्या, तर विद्यापीठाच्या अधिसभेवर आपल्या शाखेचे जे प्रतिनिधी असतात, त्यांच्या हाती पुढील बैठकीत प्रश्न विचारण्याइतके साहित्य येईल.